रुळावरची

उल्हासनगर, कॅम्प २
६ जानेवारी २०२५

हरिचंद्र,

'चिरंजीव' लिहायला घेतलं आणि पेन अडलं. म्हणून नुसतं नाव लिहिलंय. आशीर्वादही लिहीत नाही. तुला सध्या सरदारांचे आशीर्वाद आहेत, माझे कशाला हवेत?

परवा तुझी मैत्रेयी तुझ्या पुस्तकाची प्रत देऊन गेली. पोरीला ओरडू नकोस, मीच फोन करून मागवली. 'रुळे घराण्याचा वृत्तांत'. गुळगुळीत कागद, कव्हरवर घोडा, घोड्यावर फेटेवाला माणूस आणि त्या माणसाला तुझं नाक. चित्रकार धीट दिसतो.

पान तीनवर सरदार रावजी रुळे भेटले. वेल्ह्याकडच्या रुळे गावचे, वसईच्या मोहिमेत तलवार गाजवली, बक्षीस म्हणून बदलापूर मिळालं. फौजेचे घोडे इथे बदलायचे म्हणून गावाचं नाव बदलापूर, आणि ते घोडे म्हणे आपल्या दारात बांधलेले असायचे. हरी, आपल्या दारात मी आयुष्यभर एक शेळी बघितली. तीसुद्धा शेजारच्यांची.

हसत हसत पान सत्तेचाळीसवर आले. तिथे वंशवृक्ष आहे. 'धोंडू गोविंद रुळे यांचे एकुलते अपत्य हरिचंद्र.'

एकुलते! मग तुला कडेवर घेऊन बालवाडीत सोडायला कोण जायचं? तुझं शेंबडं नाक कुणाच्या ओढणीला पुसलं जायचं? १९८६ मध्ये मी सिंधी गोपशी लग्न केलं तेव्हा तू दारात उभा राहून त्याच्या तोंडावर त्याला निर्वासित म्हणालास. तेवीस वर्षांचाही नव्हतास, पण तोऱ्यात बोललास. तो चार वर्षांपूर्वी गेला, तेव्हा तू आला नाहीस. ठीक आहे. पण मला जन्मच नाही दिला कुणी, हे नवीन ऐकतेय.

मैत्रेयी म्हणाली, तुझ्या सोसायटीच्या गेटवर बोर्ड लावलायस: 'परप्रांतीयांना खोली भाड्याने दिली जाणार नाही. आदेशावरून, चेअरमन.' शोभतं तुला. आमच्या या गल्लीत कुणी कुणाला गाव विचारत नाही.

तेवीस फेब्रुवारीला तुझं प्रकाशन. मी रिटायर झालेली बाई आहे, वेळच वेळ आहे. तोवर तुझे सरदार कोण होते ते बघून ठेवते.

शीला

*

उल्हासनगर
२१ जानेवारी

हरिचंद्र,

तुझं उत्तर मिळालं. पत्राला पत्र लिहायची ऐपत नसलेला माणूस इतिहासकार झालाय. मैत्रेयीच्या मोबाइलवर तुझा आवाज ऐकला: "आत्याला सांग, आमच्या घराण्यात नाक खुपसू नको म्हणावं. ती आता त्यांच्यातली." तीन वेळा लावून ऐकला. 'आमच्या' म्हणताना तुझा आवाज अगदी बाबांसारखा घोगरा होतो. मैत्रेयी बिचारी खाली मान घालून बसली होती. पुस्तक तिनेच टाइप केलंय, तिला वाटतं सगळा गुन्हा तिचाच.

आता ऐक. मी तुझ्यासारखं सेवानिवृत्त प्राध्यापकांना गाठून, त्यांना हारतुरे घालून इतिहास लिहून घेतला नाही. मी शाळेत गेले. बदलापूरच्या जुन्या मराठी शाळेत आजोबांच्या नावाची नोंद आहे. साल १९०२. 'रुळे गोविंद बाळा. बापाचा धंदा: रेल्वेत गँगमन. जन्मगाव: मोरिवली.'

तुझ्या सरदारांचा वंशज हातात हातोडा घेऊन रुळाचे खिळे ठोकत होता. हे तुझ्या प्राध्यापकांना सापडलं नाही, कारण त्यांना रिक्षाने शाळेत जावं लागलं असतं.

आणि अंबरनाथजवळची मोरिवली कशी आली? म्हणून तहसील कचेरीत जाऊन मोरिवलीचं कोतवाल बुक मागितलं. पूर्वी गावात कोण जन्मलं, कोण मेलं ते कोतवाल त्यात लिहून घ्यायचा. सगळी मोडी. एक अक्षर लागेना. नक्कल घेऊन कल्याणला गेले, तिथे एक निवृत्त मास्तर मोडी वाचतात. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, भिंग धरलं आणि बोट टेकवलं.

"बाई, हे असं आहे. सन अठराशे चौऱ्याण्णव. मयत तुळशी कोम रघु. कोम म्हणजे बायको. वय सुमारे साठ. मुलगा बाळा, गँगमन. कारण, ताप."

"आडनाव?"

मास्तरांनी भिंग पुन्हा त्याच ओळीवरून फिरवलं. "आडनाव नाही लिहिलेलं. लिहिलंय, 'रुळावरची'."

मी पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा वाचलं. रुळावरची.

वेल्ह्याचं रुळे गाव गेलं, तलवार गेली, घोडाही गेला. खापरपणजी सापडली, तिला धड आडनावही नव्हतं. रेल्वेच्या रुळाशी कुठे राहत असेल म्हणून रुळावरची, आणि तिचे आपण रुळे. तुझ्या लेटरहेडवर सोनेरी अक्षरात छापलंयस ना, तेच.

अजून महिना आहे. प्रकाशनाला मलाही दोन शब्द बोलायचे आहेत.

शीला

*

उल्हासनगर
२ फेब्रुवारी

हरिचंद्र,

एकतीस वर्षं मी मोरिवलीच्या एमआयडीसीत गेले. औषधाच्या कंपनीत पॅकिंगला. कंपनीच्या कुंपणापलीकडे गाव दिसायचं, कौलं, कोंबड्या, भिंतीवर वाळत घातलेल्या गोधड्या. एकदाही आत पाऊल टाकलं नाही. काल टाकलं. कंपन्यांनी चहूबाजूंनी घेरलंय, पण गाव आहे अजून.

जुनं माणूस कोण म्हणून विचारलं तर एका ओटीवर नेऊन बसवलं. आण्णा. वय शहाऐंशी, आगरी, कान ठीक, डोळे अधू. मी नाव सांगितलं.

"रुळे? तू धोंडूची पोर का गो?"

बाबांना हा माणूस कसा ओळखतो?

"तुजा बापूस यायचा ना. दर गौरीला. माजे आयला साडी आनायचा. पाया पडायचा. मंग म्हातारा जाला, यायचा बंद जाला."

आठवतं तुला, गौरीच्या दिवशी बाबा सकाळीच 'जरा अंबरनाथला जाऊन येतो' म्हणायचे? आईनेही कधी विचारलं नाही.

मी तुळशीचं नाव घेतलं. आण्णांनी तंबाखू थुंकली आणि सांगायला लागले. त्यांना हे त्यांच्या आजाने सांगितलेलं. त्यांच्याच शब्दांत लिहिते, म्हणजे तुला सुधारून घ्यायला जागा राहणार नाही.

"घाटान रेलचा काम चाललेला. डोंगर फोडाचा काम. लांबलांबशी मानसां आनलेली. त्यान पटकी आली. उलट्या नि जुलाब, सकाळी धरला तं संध्याकाळी खलास. किती मेली, मोजली कोनी? या बायचा घोव मेला, रघु. ती दोन वरसांचा पोर पाठीला बांधून रुळारुळानं खाली चालत आली. बदलापूरचे येशीवर लोकं काठ्या घेऊन उभी. बोल्ले, रोग आनतंस, जा. पुढं आली तं पुढं पन तेच. मंग बसली रुळाचे बाजूला. तीन दिस. माजे आजाची आजी, बनूबाय, गवत कापाला गेलेली. ती तिला घेऊन आली."

"कुणाला न विचारता?" मी म्हटलं.

आण्णा हसले. "इचारलं असतं तं आनता आली असती का?"

हरी, पुढचं नीट वाच. गावाने बनूबाईचं घर वाळीत टाकलं. दोन वर्षं विहिरीवर पाणी भरू दिलं नाही. आणि पटकी खरोखरच तिच्या घरात शिरली. बनूबाईची धाकटी मुलगी त्यात गेली. सहा वर्षांची.

"तरी तुळशीला काडली नाय घरातशी," आण्णा म्हणाले. "बोल्ली, माजी गेली ती गेली, हिला काडून ती येयाची हाय का? तुमचे बाळाला तिनंच वाढवला. लोकं त्याला रुळ्या बोलायची. शालेत मास्तरनं त्याचे पोराचा नाव लिवला रुळे. जाला."

जालं. इतकीच आपली सनद.

ज्या बदलापूरचे तू भूमिपुत्र, त्या बदलापूरने तुझ्या खापरपणजीला काठ्या दाखवल्या. आणि त्याच वेशीच्या आत बसून तू बोर्ड लावतोस. मला वाटायचं तू फक्त बढाईखोर आहेस.

निघताना आण्णांनी सांगितलं, तुळशी शेवटपर्यंत दहिवडीचं नाव घ्यायची. आपण घाटावरचे, आडनाव पोळ, म्हणायची. तेव्हा आता दहिवडी.

शीला

*

दहिवडी, ता. माण
१३ फेब्रुवारी

हरिचंद्र,

एसटी स्टँडसमोरच्या लॉजमध्ये बसून लिहितेय. मैत्रेयी बरोबर आहे. तुला 'मैत्रिणीच्या लग्नाला' म्हणून सांगून आलीय. खोटं बोलायला तिला कुणी शिकवलं ते विचारू नकोस, घरात वृत्तांत लिहिला जातो, पोरं शिकतातच.

दहिवडीपासून दोन कोसांवर पोळांची एक वाडी आहे. ना गढी, ना बुरूज, ना दिंडी दरवाजा. ओढ्यात पाण्याऐवजी वाळू. बाभळी, दगडाची कुंपणं, मेंढरं. आम्ही दोघी उतरलो तेव्हा एक बाई म्हणाली, "कुणाकडं आलाय?" आम्हाला सांगता येईना. कुणाकडे म्हणून सांगू, दीडशे वर्षांनी?

तिनेच हेळव्याला निरोप धाडला. इकडे हेळवी असतात, पिढ्यान्पिढ्या घराघरांच्या वंशावळी वह्यांत लिहून ठेवतात, सुगीला येतात आणि उभ्याउभ्या पूर्वजांची नावं म्हणून दाखवतात. हा दुसऱ्या दिवशी मोटारसायकलवर आला. मागे लाल फडक्यात बांधलेल्या वह्या. घोंगडीवर बसला, पानं उलटत गेला. पोळांची पानं बरीच होती. एका ठिकाणी थांबला.

"ह्ये बघा ताई. संतू पोळ. त्येला दोन ल्योक. थोरला म्हादू, त्येचा वंश ह्यो इथं वाडीत नांदतोय. धाकटा रघु. 'दुष्काळात रेलच्या कामास घाटाखाली गेला, बायकोसुद्धा. पुढे माहीत नाही.'"

त्याच्याखाली चार बोटं कोरी जागा होती. वरखाली सगळीकडे बारीक अक्षर कोंबलेलं, आणि इथे तेवढं कोरं.

"ही अशी का सोडली?" मैत्रेयीने विचारलं.

"गेल्यालं माणूस म्येलं म्हणून सांगावा न्हाई आला. मग जागा ठिवायची. माझ्या आजानं वही नवी उतरून काढली तवाबी ठिवली, बापानंबी ठिवली."

तुझ्या पुस्तकात चारशे पानं आहेत हरी. त्यात सख्ख्या बहिणीला एक ओळ मिळाली नाही. इथे एका मजुरासाठी तीन पिढ्यांनी कोरा कागद राखला.

"सांगा आता," तो पेन काढून म्हणाला. "रघूच्या फुडं कोण?"

मी सांगत गेले. बाळा. गोविंद. धोंडू. धोंडूच्या पुढे मी क्षणभर थांबले. काय करता आलं असतं ते तुला कळतंय. मैत्रेयी माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "लिहा, शीला आणि हरिचंद्र." तो म्हणाला, लेकी लिहीत नाहीत. मी म्हटलं, मग दोघांनाही खोडा. त्याने दोघांना लिहिलं. उपकार मानू नकोस. तुझ्याइतकं खाली उतरायला मला जमलं नाही, एवढंच.

कागद तयार आहेत. शाळेचा उतारा, कोतवाल बुकाची नक्कल, वहीच्या पानाचा फोटो. आण्णा यायला तयार आहेत. तेवीस तारखेला तुझा फेटा सांभाळ.

शीला

*

उल्हासनगर
२५ फेब्रुवारी

हरी,

तुला वाटत असेल, म्हातारीला चक्कर आली. माइकवर तू तेच सांगितलंस: "आमच्या ओळखीच्या बाई आहेत, वयामुळे त्रास होतो." ओळखीच्या बाई! हॉलमध्ये दोनशे माणसं, त्यातल्या निम्म्यांना माहीत होतं मी कोण ते. कुणी तोंड उघडलं नाही. तुझ्या जेवणात श्रीखंड होतं.

आधी तू बोललास. भगवा फेटा, शेजारी प्राध्यापक. "आमचं घराणं कधी कुणाच्या दारात उभं राहिलं नाही," म्हणालास. माझ्या शेजारी आण्णा बसले होते. ज्याच्या दारात उभं राहून आपण जगलो तो माणूस तिसऱ्या रांगेत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून तुला टाळ्या वाजवत होता. मी उठले, तर त्यांनी पदर ओढला. "बस गो. त्याचे घरचा कार्य हाय."

मी बसले नाही. माइक घेतला. वाचायला लागले. शाळा वाचली, कोतवाल बुक वाचलं. तुझं तोंड उतरताना बघितलं, आणि खरं सांगते, मला पेढा खाल्ल्यासारखं वाटलं. मग आलं वेशीचं. 'ती रोग आणेल म्हणून गावाने तिला' इथपर्यंत वाचलं आणि पुढचा शब्द तोंडातून निघेना. माइक मैत्रेयीच्या हातात देऊन खाली आले, तो तू तिच्याकडून काढून घेतलास.

का, ते लिहिते. तुला सांगायची इच्छा नाही. पण दुसऱ्या कुणाला सांगणार?

पहिल्या पत्रात मी लिहिलं, आमच्या गल्लीत कुणी कुणाला गाव विचारत नाही. खोटं लिहिलं. २०२० साली आमच्या खालच्या खोलीत एक जोडपं भाड्याने राहत होतं. रामसजीवन आणि सुनीता, यूपीतल्या बस्ती जिल्ह्यातले. तो पाच नंबर कॅम्पात एका कारखान्यात जीन्स शिवायचा. ती सात महिन्यांची पोटुशी. लॉकडाउन लागलं, कारखाना बंद झाला, आणि एप्रिलमध्ये रामसजीवन खोकायला लागला. साधा खोकला असेल. मला काय माहीत? गल्लीतली माणसं माझ्या दाराशी येऊन उभी राहिली. काठ्या नव्हत्या. मास्क होते.

गोप म्हणाला, "राहू दे शीला, जायेंगे कहाँ?" मी त्याला म्हटलं, तुला साखर आहे, तुला काही झालं तर? एका दुपारी ती दोघं रेशनच्या रांगेत गेली होती. मी त्यांचं सामान बाहेर जिन्याखाली ठेवलं आणि खोलीला कुलूप घातलं.

ती परत आली. सुनीताने कुलपाकडे बघितलं, मग वर माझ्या खिडकीकडे. आवाज दिला, "आंटी." दोनदा. मी पडद्यामागे होते. तिसऱ्यांदा तिने हाक मारली नाही. त्याने बॅगा उचलल्या, तिने बादली घेतली.

गोप बंद शटरमागे मशीन दुरुस्तीचं काम करून दुकानातून आला, त्याला कळलं. लगेच स्कूटर काढली. सगळं बंद, पोलिसांच्या दोन काठ्या खाल्ल्या, तरी शहापूरपर्यंत गेला. त्या रस्त्याने माणसांचे तांडे चालले होते, हजारांनी. त्यांत ती दोघं सापडली नाहीत. परत येऊन मोरीत पाय धुतले आणि एवढंच म्हणाला, "अम्मा कराचीहून बोटीने आली तेव्हा तिच्या पोटात मी होतो. इथल्या कॅम्पातल्या बॅरेकचं दार कुणीतरी उघडलं होतं ना, शीला."

पुढच्या एप्रिलमध्ये तो गेलाच. कुलपाने वाचला नाही. त्या वर्षभरात तो माझ्याशी बोलायचा, जेवायचा, टीव्ही बघायचा. पण बोलताना नजर जमिनीकडे. तू त्याच्या मयताला आला नाहीस म्हणून मी चार वर्षं तुला शिव्या घातल्या. घालताना बरं वाटायचं. दुसऱ्याला घातल्या की आपल्याला कमी पडतात.

बनूबाईची पोरगी मेली तरी तिने दार बंद केलं नाही. मी एका खोकल्याला केलं. माइकवर मला अचानक समजलं, मी तुळशीची खापरपणती वगैरे कुणी नाही. मी वेशीवरच्या काठीवाल्यांतली.

शीला

*

उल्हासनगर
६ मार्च

हरी,

तू मंगळवारी आलास तेव्हा तोंडावर बोलले नाही, म्हणून लिहितेय.

इतक्या वर्षांनी माझ्या दारात तू. पोट सुटलंय, केस काळे केलेस. गोपच्या खुर्चीत बसायला निघालास, तर मी स्टूल पुढे केलं. तू गुमान बसलास.

"ताई, तुझं पत्र वाचलं."

मी चहाचं आधण ठेवलं.

"बाबांनी मला सांगितलं होतं," तू म्हणालास. "हे सगळं. तुळशी, मोरिवली. दवाखान्यात होते तेव्हा. म्हणाले, माझ्यानंतर गौरीला साडी नेत जा. ऋण आहे."

"मग?"

"नाही नेली. लाज वाटली. लोकांना काय सांगणार, आपण कोण म्हणून?"

हरी, मी तुला आजवर मूर्ख समजत होते. मूर्खाला माफ करता येतं. तुला माहीत होतं. माहीत असून तू घोडा काढून घेतलास, फेटा बांधलास, गेटवर बोर्ड ठोकलास. तुळशीला एकदा गावाने हाकललं, दुसऱ्यांदा तू. आणि आण्णांना तिसऱ्या रांगेत बसलेलं बघून ओळखलंही असशील. टाळ्या घेतल्यास त्यांच्याकडून.

मग तू म्हणालास, "पण ताई, तू तरी वेगळं काय केलंस?"

ते म्हणताना तुझा चेहरा सैल पडला. सुटल्यासारखा. त्या क्षणी मला तुझी जेवढी किळस आली तेवढी साऱ्या आयुष्यात आली नव्हती. माझं पाप ही तुझी सुटका नाही, हरी. ते माझं मी बघेन. तू तुझ्या गेटवरचा बोर्ड बघ. 'कमिटीला विचारावं लागेल' म्हणालास आणि चहा न घेता उठलास. विचार. चेअरमन आहेस, विचारायची हिंमत तरी दाखव.

तू गेल्यावर मी पाच नंबरला गेले. जीन्सच्या कारखान्यातला जुना सुपरवायझर अजून आहे. त्याच्याकडे रामसजीवनचा नंबर होता. इतकं सोपं होतं. पाच वर्षं एक रिक्षा करून जायचं होतं फक्त.

कारखान्याच्या पायरीवर उभी राहूनच फोन लावला. बाईने उचलला. आवाज ओळखला मी.

"सुनीता? मैं शीला. उल्हासनगर से."

"कौन शीला?"

"दो नंबर. नीचे का रूम."

पलीकडे भांडी वाजत होती. वाजायची थांबली. मग एका मुलीचा आवाज आला, "मम्मी, कौन है?"

सुनीताने फोनवर हात नीट ठेवला नसेल, किंवा मुद्दामच ठेवला नसेल. तिने सरळ सांगितलं, अगदी शांतपणे, घरात कितीदा तरी बोललं गेलेलं नाव असावं तसं:

"वो ताले वाली आंटी."

मुलगी जिवंत आहे, हरी. पाचवं वर्ष चालू असणार. मी विचारलं तर सुनीता म्हणाली, नाशिकच्या पुढे रस्त्याकडेला एका ढाब्यावर झाली, ढाबेवाल्याच्या बायकोने केलं सगळं. आता सुरतेला असतात, दोघंही शिवतात, ठीक आहे. मी म्हटलं, माफी मांगने के लिए फोन किया. ती म्हणाली, "ठीक है आंटी." माफ केलं म्हणाली नाही. मी फोन ठेवला नाही. ती ठेवेपर्यंत कानाला धरून उभी राहिले.

उद्या सुरतेच्या त्या घरात कुणी आपल्या घराण्याचा वृत्तांत लिहिला, तर त्यात मी आहे. मला नाव नसेल, कुलूप असेल. तुझ्या पुस्तकातून गळाले ते बरंच झालं, म्हणायची पाळी आली.

रविवारी मी मोरिवलीला जाणार आहे. आण्णांना हे सगळं माझ्या तोंडून सांगणार, माझंही आणि तुझंही. ते ऐकून मला ओटीवर बसू देतील की नाही ठाऊक नाही. तू येणार असशील तर सकाळी दहाला माझ्याकडे ये. मैत्रेयीलाही आण. फेटा नको. आणि मनात काही आशा ठेवून येऊ नकोस. चहा मिळेल, मान मिळणार नाही.

ताई